उठण्याआधी एक नाव

मित्रांनो, मी एक जुनी तिवई आहे. तीन पाय, त्यांना मधोमध बांधून ठेवणारा एक लोखंडी बोल्ट आणि वर तंबूच्या जाड कापडाची तिकोनी बैठक, एवढाच माझा संसार. मिटली की काखेत मावते, उघडली की चांगल्या जाडजूड माणसालाही सांभाळते. मला पाहून हसू आलं तर खुशाल हसा. तुमचे पाय अजून दुखायला लागले नाहीत, म्हणून हसताय. दुखायला लागले की माझी किंमत कळेल.

माझा जन्म हैदराबादेत, बरकतपुऱ्यातल्या एका लहानशा घराच्या मागच्या पडवीत झाला. ज्यांनी मला घडवलं त्यांचं नाव शांतवन साळवे. हे नाव तुम्हांला नवं वाटेल, पण जालना-नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत ते जुनं आहे. दुःखात मिळणारा दिलासा, असा त्याचा अर्थ. शांतवनराव एका शाळेत सुतारकाम शिकवायचे. शाळेने मोडकी बाकं बाहेर काढली तेव्हा त्यांतले तीन धड पाय त्यांनी मागून आणले आणि तासून गुळगुळीत केले. एका पायावर कुणा विद्यार्थ्याने कर्कटकाने ‘गो’ असं कोरलेलं होतं. पुढचं ‘विंद’ कोरण्याआधीच गुरुजी वर्गात आले असावेत. ते ‘गो’ मात्र शांतवनरावांनी तासलं नाही. “राहू दे, पोराची सही आहे,” असं म्हणून त्यांनी त्यावरूनच पॉलिश फिरवलं.

मला त्यांनी बनवलं ते त्यांच्या आईसाठी. घरात सगळे तिला थोरल्या बाई म्हणायचे. साळव्यांच्या मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चच्या माणसांत, एक जुनी रीत आहे. प्रभू येशूच्या दुःखाची आठवण करायचे जे उपासाचे दिवस असतात, त्यांना लेंट म्हणतात. त्या दिवसांत, झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, आदल्या शनिवारी, ही मंडळी शहराबाहेर पडते. मेडचलच्या पुढे टेंपोतून उतरायचं आणि तिथून आडवाटेने, ताडाची झाडं, कापसाची मोकळी शेतं, आटत आलेली तळी मागे टाकत दिवसभर चालायचं. शेवटी एक खडकाळ टेकडी लागते. तिकडची माणसं टेकडीला गुट्टा म्हणतात. गुट्ट्याखाली एक लहानसं दगडी चर्च आहे. तिथे संध्याकाळची प्रार्थना करायची आणि टेंपोने घरी परतायचं.

थोरल्या बाईंना या चालण्याचा भारी सोस होता आणि गुडघे मात्र त्यांचं ऐकत नव्हते. म्हणून माझा घाट. पहिल्याच वर्षी त्या दर थोड्या वेळाने मला उघडायला लावायच्या आणि फतकल मारून बसायच्या. मागची तरणी माणसं कुरकुरायला लागली. थोरल्या बाई काही कमी नव्हत्या. “मी काय दमून बसल्ये होय?” त्या ठसक्यात म्हणाल्या. “मी प्रार्थना करत्ये.” आणि खरं दिसावं म्हणून त्यांनी डोळे मिटून एका आजारी शेजारणीचं नाव घेतलं. सगळ्यांना ‘आमेन’ म्हणावंच लागलं. पुढच्या वेळी बसल्या तेव्हा दुसरं नाव. त्या दिवसापासून रीतच पडली. जो माझ्यावर बसेल त्याने उठण्याआधी एक नाव घ्यायचं, नाव घेतल्याशिवाय उठायचं नाही. बसायची लाज गेली आणि कुरकुरणारेसुद्धा हळूच येऊन टेकायला लागले.

पुढे थोरल्या बाईंनीच त्यात एक भर घातली. जेवणाआधी जिवंत माणसांची नावं घ्यायची आणि ऊन कललं की निजलेल्यांची. मित्रांनो, हा शब्द नीट ऐकून ठेवा. या मंडळीतली जुनी माणसं ‘मेला’ किंवा ‘वारला’ म्हणत नाहीत. ‘प्रभूत निजला’ म्हणतात. पुढेपुढे ‘प्रभूत’ही गळलं आणि नुसतं ‘निजला’ उरलं. रात्री अंथरुणावर आपण करतो ते झोपणं, आणि हे निजणं. माझ्या कापडावर बसून माणसांनी किती निजलेल्यांची नावं घेतली असतील, त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पण तो शब्द माझ्या लाकडात मुरला आहे.

थोरल्या बाई स्वतः निजल्या आणि मी मंडळीची झाले. कौतुक वर्षातून एकच दिवस व्हायचं. “आली का आपली तिवई?” असं म्हणत माणसं माझ्या पाठीवर थापट्या मारायची. उरलेलं वर्ष मी साळव्यांच्या पडवीत गॅसच्या रिकाम्या टाकीमागे उभी असायची. एकदा माझ्या मिटलेल्या पायांमध्ये मांजर व्यायली. तेवढीच काय ती सोबत.

शांतवनरावांच्या पत्नी कुसुमताई. ठेंगण्या, हसऱ्या आणि बोलक्या बाई. त्यांची एक गंमत होती. त्यांनी नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात उच्चारलं नव्हतं. बसायच्या ऐटीत, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, “आमचे हे.” मंडळी त्यांना सोडायची नाही. “ताई, नाव घ्या! लग्नात घेतलं नव्हतं, आता तरी घ्या!” पाळकसाहेब, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, तेही हसत म्हणायचे, “ताई, ‘हे’ म्हटलं तर देवाला कळणार कसं, कुणाचे हे?” कुसुमताई तोऱ्यात सांगायच्या, “देवाला ठाऊक आहे. तुम्हीच विसरभोळे.” आणि मागे उभे असलेले शांतवनराव लाजून दुसरीकडे बघायचे.

पुढे शांतवनरावांचं चालणं थांबलं. त्यांच्या हृदयाने दगा दिला. छातीत पाणी भरायचं, दम लागायचा, आडवं झालं की जीव घुसमटायचा. मग ते वर्षातून एकदा मला पुसून, बोल्टला तेल घालून कुसुमताईंच्या हाती द्यायचे आणि एकच मागणं मागायचे. “संध्याकाळी येऊन मला सगळी नावं सांग. कुणीकुणी कुणाचं घेतलं ते.” कुसुमताई परतल्या की पाय गरम पाण्यात सोडून एकेक नाव सांगायच्या आणि ते मान डोलवत ऐकायचे. ज्याला चालता येत नाही त्याचं चालणं म्हणजे ही नावं, असं ते म्हणायचे.

यंदाच्या लेंटमध्ये त्यांचं दुखणं फार वाढलं. कित्येक रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. खुर्चीत बसून, पुढे उशी घेऊन, तिच्यावर डोकं टेकून रात्र काढायची. कुसुमताई शेजारी जाग्या. घरात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, “थोडे झोपले असते तर बरं झालं असतं.” डॉक्टरही तेच म्हणायचे आणि दूधवालाही. त्यामुळे कुसुमताईंनी यंदा न जायचं ठरवलं होतं. शांतवनराव ऐकेनात. त्यांनी दम खात खात मला पुसलं. बोल्टला तेल घालताना बरंचसं तेल माझ्या पायावर सांडलं.

“तू जा,” ते म्हणाले. “तू नाही गेलीस तर मला नावं कोण सांगणार?”

“आणि इथे तुमच्याजवळ कोण?”

“सगुणा आहे. संदेश ड्यूटीवरून दुपारी येतोय.”

सगुणाबाई ही त्यांची धाकटी बहीण, तीही सत्तरी ओलांडलेली आणि कानाने अधू. संदेश त्यांचा मुलगा. अखेर तोड निघाली ती अशी, की संदेशची मुलगी रोशनी आजीबरोबर चालेल आणि फोन चालू ठेवेल. काही लागलं तर लगेच परत. रोशनी हायटेक सिटीत एका ऑफिसात नोकरी करते. गोड पोर आहे. मराठी बोलते, पण वाचायची वेळ आली की अडखळते. चर्चलाही ती इंग्रजी उपासनेला जाणारी. आमच्या चालण्याला ती पहिल्यांदाच येत होती, तेही आजोबांच्या शब्दाखातर.

शनिवारी उजाडताच टेंपो निघाला. मेडचलच्या पुढे सगळे उतरले. चालताना कुणी फोन घ्यायचा नाही, असा नियम आहे. सगळ्यांचे फोन एका झोळीत जातात आणि झोळी टेंपोत. टेंपोवाला विक्रम मुक्कामामुक्कामाला पुढे जाऊन थांबतो. रोशनीला तेवढी सूट होती. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, कुणी पेटीवर एक सूर धरला आणि मंडळी गीत म्हणत निघाली.

कुसुमताई चालत होत्या, पण त्यांचं चित्त बरकतपुऱ्यात होतं. दर वळणावर त्या विचारत. “फोन आला का गं?”

“नाही आला आजी. टेन्शन नक्को घेऊ. नाही आला म्हणजे ठीकच आहे ना.”

“ठीक असतं तर सगुणावन्सं दोनदा फोन करून सांगत्या.”

ऊन चढलं. एका तळ्याच्या बांधावर रोशनीच्या बुटात खडा गेला म्हणून ती माझ्यावर बसली. बाकीचे थोडे पुढे चिंचेखाली पाणी पीत होते. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या रस्त्यावरून लाऱ्या धडधडत होत्या, म्हणून रोशनीने स्पीकर लावला. त्यामुळे मी सगळं ऐकलं.

“रोशनी, मी सगुणाआजी. दादा निजले गं. आत्ताच. अगदी शांत निजले.”

सगुणाबाईंचा आवाज कोरडा, नेहमीसारखाच. मोठ्या घरात खूप मरणं पाहिलेल्या माणसांचा असतो तसा. माझे तिन्ही पाय जागच्या जागी थिजले. पण रोशनीने डोळे मिटून सुस्कारा सोडला.

“निजले? खरंच? बरं झालं आजी! किती दिवस झाले हो!”

“सुटले बिचारे,” सगुणाबाई म्हणाल्या. “तुझ्या आजीला सांग.”

“हौ, सांगते. आणि ऐका ना, आम्ही येईपर्यंत उठवू नका त्यांना. कुणालाच उठवू देऊ नका. पप्पांना पण सांगा.”

“अँ?”

“उठवू नका म्हणते! आम्ही येईपर्यंत!”

“नाही गं बाई. तिला दाखवल्याशिवाय कसं उठवू? या तुम्ही.”

मित्रांनो, तुमच्या लक्षात आलं ना? आमच्या भाषेत मयतही उठवतात. घरातून शेवटचं न्यायचं असलं की माणसं विचारतात, “किती वाजता उठणार?” म्हातारी एक समजली, पोर दुसरंच समजली आणि दोघींचंही बोलणं अगदी बरोबर जुळलं. खोटं कुणीच बोललं नाही.

रोशनी फोन ठेवून धावतच चिंचेकडे गेली. मला तिने उघडंच काखोटीला मारलं होतं. “आजी! आजी, गुड न्यूज! आजोबा झोपले!”

ती ‘झोपले’ म्हणाली. सगुणाबाईंचा शब्द तिने स्वतःच्या शब्दात घातला, सोपा करून. तिने नुसतं ‘निजले’ म्हटलं असतं तर कुसुमताईंना पुढचं काही सांगावं लागलं नसतं. मी जिवाच्या आकांताने ओरडणार होते, ‘अगं, तोच शब्द सांग!’ पण लाकडाला कुठलं तोंड? माझा बोल्ट तेवढा कुरकुरला. त्याला तर सकाळीच तेल घातलेलं.

“झोपले?” कुसुमताईंच्या हातातला पेला कलंडला. “आडवे होऊन?”

“हौ, एकदम शांत. सगुणाआजी बोलल्या ना. मी सांगितलं, आम्ही येईपर्यंत कुणी उठवू नका.”

“शहाणी माझी बाय ती,” असं म्हणून कुसुमताईंनी तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. मग त्या माझ्यावर बसल्या आणि रडायला लागल्या. हसत हसत रडत होत्या. कित्येक रात्रींचं ओझं त्यांनी माझ्यावर उतरवलं. चार बायका जवळ आल्या. कुणीतरी चेष्टेने म्हणालं, “ताई, आज तरी नाव घ्या!”

“रोशनीचे आजोबा,” त्या म्हणाल्या. “प्रभू, त्यांची झोप पुरी होऊ दे. कुणी मध्येच उठवू नये त्यांना.”

“आमेन,” सगळे म्हणाले.

जेवणाआधीची वेळ होती ती. जिवंत माणसांची. आणि नाव घेतलं गेलं ते... मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यावर किती जड माणसं बसली, पण माझे पाय कधी डगमगले नव्हते. त्या दिवशी डगमगले. कुसुमताईंना वाटलं, बांधावरची माती भुसभुशीत आहे. त्यांनी मला थोडं सरकवलं.

“आता ठेव तो फोन झोळीत,” त्या उठताना रोशनीला म्हणाल्या. “ते झोपलेत तर आपण मन लावून चालू.”

विक्रमने झोळी घेतली आणि टेंपो पुढे गेला.

त्या दिवशी कुसुमताई जेवल्या. तळ्याच्या काठी गावातल्या एका बाईने सगळ्यांना पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा आंबट भात, आणून दिला होता. शांतवनरावांना तो फार आवडायचा. कुसुमताईंनी पळसाच्या पानात थोडा बांधून रोशनीच्या पिशवीत ठेवला. “इतक्या दिवसांची झोप. उठले की भूक लागणार त्यांना. रात्रीपर्यंत टिकतो हा.”

ऊन कललं. आता निजलेल्यांची वेळ आली. माणसं एकेक करून माझ्यावर टेकत होती आणि हळू आवाजात नावं घेत होती. कुणाचा भाऊ, कुणाचं न जगलेलं मूल. पाळकसाहेबांनी आपल्या वडिलांचं नाव घेतलं. रोशनी दूर उभी राहून दोन्ही हात जोडून ऐकत होती. हा भाग तिला नवा होता, पण ‘निजलेले’ हा शब्द त्या वेळी कुणी उच्चारला नाही. जे सगळ्यांना ठाऊकच असतं ते कोण कशाला बोलेल? मला वाटत होतं, कुणीतरी बोलेल. एकदा तरी बोलेल. नाही बोललं.

कुसुमताईंनी थोरल्या बाईंचं नाव घेतलं. उठताना त्या पाळकसाहेबांना म्हणाल्या, “चला, माझी यादी लहान आहे. देवाची कृपा.” पाळकसाहेब हसले. त्या झपाझप पुढे निघाल्या. त्या वयाच्या बाईला तसं चालताना मी पहिल्यांदाच पाहिलं. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगत होत्या की आमचे हे झोपले बरं का. एका अनोळखी मेंढपाळालाही सांगितलं. त्याला मराठी येत नव्हतं, तरी तो “मंचिदि, अम्मा,” बरं झालं, असं म्हणाला.

गुट्टा दिसायला लागला. त्याच्याखालचं दगडी चर्चही दिसलं, आता हाकेच्या अंतरावर. तेवढ्यात मागून मोटारसायकलचा आवाज आला. धुळीतून संदेश येत होता. त्याने गाडी आडवी घातली, उतरला आणि आईकडे बघतच राहिला. त्याचे डोळे सुजलेले होते.

“आई, तू अजून चालतेस?”

“अरे, तू इथे कशाला आलास? ते उठले की काय?”

“काय बोलतेस तू?” संदेशचा आवाज चढला. “सगळं घर भरलंय. पाच-पन्नास माणसं दारात उभी आहेत. तू सांगितलंस म्हणून कुणी उठवत नाहीये. म्हटलं येईल आता, येईल मग. सगळ्यांचे फोन वाजून वाजून बंद. मला वाटलं, चालणं पुरं केल्याशिवाय ही येणारच नाही. बाबांपेक्षा ते मोठं का गं तुला?”

टेंपोपाशी उभा असलेला विक्रम पुढे आला आणि पडलेल्या चेहऱ्याने म्हणाला, “झोळीत फोन वाजत होते सर. पण दुसऱ्यांचे फोन मी कसे उचलू?”

कुसुमताई त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या रोशनीकडे वळल्या. अगदी हळू बोलल्या.

“रोशनी, सगुणावन्सं काय म्हणाल्या? तुझ्या बोलीत नको. त्यांचा शब्द सांग.”

रोशनीचे ओठ हलले. “निजले, म्हणाल्या. दादा निजले. शांत निजले. आजी, म्हणजे झोपलेच ना?”

त्या घोळक्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला तो शब्द कळला होता. एकीने तोंडाला पदर लावला. पाळकसाहेबांनी घाईघाईने मला उघडलं आणि कुसुमताईंच्या मागे ठेवलं, म्हणून त्या जमिनीवर पडल्या नाहीत. त्या माझ्यावर बसल्या. पण सकाळी बसलेल्या कुसुमताई आणि या कुसुमताई वेगळ्या होत्या. यांना वजनच नव्हतं.

रोशनीला कळायला थोडा वेळ लागला. बापाच्या चेहऱ्यावरून तिला ते कळलं. मग ती मटकन मातीत बसली. “मी सांगितलं उठवू नका. आजी, मी तर... मी हसले गं फोनवर. बरं झालं म्हणाले.”

कुसुमताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्या पोरीला बरं वाटलं असतं, असं मला आजही वाटतं.

“झोपले नव्हे बाय,” त्या म्हणाल्या. “निजले.”

आणि मग त्या उठल्या. नाव न घेता उठल्या. रीत ठाऊक असलेलं माणूस असं कधी उठलं नव्हतं आणि कुणी त्यांना अडवलंही नाही. समोर चर्चची घंटा वाजायला लागली. त्या तिकडे गेल्या नाहीत. मला मिटून छातीशी धरून त्या टेंपोत बसल्या, आणि बरकतपुऱ्यापर्यंत त्यांनी मला खाली ठेवलं नाही.

घरात शांतवनरावांना काचेच्या थंड पेटीत ठेवलं होतं. किती दिवसांनी ते आडवे झाले होते! कुसुमताईंनी मला त्या पेटीशेजारी उघडलं आणि बसल्या. लोकांनी खुर्ची आणली, ती त्यांनी घेतली नाही. सगुणाबाई कपाळावर हात मारून घेत होत्या, “मी सांगितलं हो वहिनी, नीट सांगितलं,” आणि कुसुमताई त्यांना म्हणत होत्या, “हो वन्सं, तुम्ही बरोबरच सांगितलंत.” रात्र तशीच बसून काढली त्यांनी. तशी त्यांना सवय झालेली होती.

सकाळी पाळकसाहेब आले. प्रार्थना झाली. माणसांनी पेटीला हात घातला आणि थांबली, कारण कुसुमताई उठत नव्हत्या. संदेश खाली वाकला. “आई, आता उठवायचं ना?”

“थांब. त्यांनी नावं सांगायला सांगितलंय.”

मग त्या काचेवर हात ठेवून सांगायला लागल्या. रोज संध्याकाळी बाजारातलं सांगावं तशा साध्या आवाजात. मालतीने आपल्या मुलीचं नाव घेतलं, तिचं बाळंतपण जवळ आलंय. विक्रमने त्याच्या आईचं घेतलं, तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. पाळकसाहेबांनी दुपारी वडिलांचं घेतलं. मी थोरल्या बाईंचं घेतलं. एकही नाव चुकलं नाही. सगळी मंडळी उभ्याने ऐकत होती. आदल्या सकाळी चिंचेखाली बसून स्वतः कुणाचं नाव घेतलं, तेवढं मात्र त्यांनी सांगितलं नाही.

सगळी नावं संपली. मला कळत होतं की उठायचं तर एक नाव उरलंय, आणि त्यांनाही ते कळत होतं. ते घेतलं की उठायचं. ते घेतलं की त्यांनाही उठवायचं.

“शांतवन,” कुसुमताई म्हणाल्या.

उभ्या जन्मात पहिल्यांदा. आणि त्या उठल्या.

मित्रांनो, या गोष्टीला काही महिने झाले. मी पुन्हा गॅसच्या टाकीमागे आहे. पुलिहोऱ्याचं ते पान रोशनीच्या पिशवीत तसंच राहिलं होतं. पुढे कधीतरी तिने ते उघडलं आणि पडवीत माझ्यासमोर उभी राहून खूप रडली. ती आता रोज आजीकडे येते. आजीबरोबर मराठी उपासनेला जाते, गीतांच्या पुस्तकात बोट ठेवून एकेक अक्षर लावते. आजी तिला काही बोलत नाही. उलट तिचेच केस विंचरून देते. पण मी पाहते ना. पडवी झाडायला ती आली की मला उचलते, पुसते, बोल्टला तेल घालते. एकदा तिने मला उघडलंही. त्या ‘गो’वरून बोट फिरवलं. मी वाट पाहत होते. ती बसली नाही. मला मिटून परत ठेवलं आणि गेली. बसलं तर नाव घ्यावं लागेल, आणि कुणाचं घ्यावं लागेल ते तिला ठाऊक आहे.

तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस निरोप देईल. जुन्या शब्दात देईल. तो सोपा करू नका, आहे तसा पोचवा. आणि कळला नाही तर विचारा. विचारायची लाज वाटली तर माझ्या त्या दिवसाची आठवण करा.

माझ्या स्वतःसाठी मला काही मागायचं नाही. माझं कापड अजून दहा वर्षं टिकेल, माझे पाय शांतवनरावांच्या हातचे आहेत. पण कधी तुम्ही बरकतपुऱ्यात त्या घरी आलात आणि रोशनी तुम्हांला दारात उभी दिसली, तर मला जे सांगता येत नाही ते तिला सांगा. म्हणावं, पोरी, किती वेळ उभी राहशील? पाय दुखले असतील. बस.